विभागीय बीएमएक्स संघटना कशी चालवावी

बीएमएक्सची, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या छोट्या सायकलींची, शर्यत ३०० ते ४०० मीटरची असते आणि बहुतेक वेळा एका मिनिटाच्या आत संपते. वीस इंची चाकांच्या सायकली, एका गेटवर, म्हणजे सुरुवातीला स्पर्धकांसमोर खाली पडणाऱ्या फळीवर, जास्तीत जास्त आठ स्पर्धक, मातीचे उंचवटे आणि बाहेरच्या बाजूने उचललेली वळणं, ज्यांना बर्म म्हणतात. २००८ च्या बीजिंगपासून हा खेळ ऑलिंपिकमध्ये आहे. पण तो जगतो विभागीय मालिकांवर, म्हणजे आसपासच्या सात-आठ क्लबांनी मिळून रविवारी भरवलेल्या शर्यतींवर. ३० जुलै २०२१ रोजी टोकियोत ब्रिटनच्या बेथ श्रीव्हरने सुवर्णपदक जिंकलं आणि त्याच दिवशी काय (Kye) व्हाइटने रौप्य. ती एसेक्समधल्या ब्रेनट्री क्लबची, तो दक्षिण लंडनमधल्या पेकम क्लबचा. पेकमचा क्लब २००४ साली सुरू झाला आणि बर्जेस पार्कातला ट्रॅक खुला झाला २०१३ मध्ये. आधी माणसं जमली, मग ट्रॅक झाला.

ब्रिटनमध्ये चालणाऱ्या विभागीय मालिकेचा साचा समोर ठेवून हा लेख लिहिला आहे, कारण त्या पद्धतीत कुठलंही नवं गाव सहज सामावून जातं. महाराष्ट्रात अशी संघटना उभी करायची असेल तर काय वेगळं करावं लागेल, तेही पुढे आहे. माझं मत आधीच सांगते: संघटना चांगली की वाईट हे पहिल्या शर्यतीत आठवा आलेला मुलगा दुसऱ्या फेरीला, म्हणजे मालिकेतल्या पुढच्या रविवारच्या शर्यतींना, परत येतो की नाही, यावरून ठरवावं. पुढची प्रत्येक पायरी त्याच्याकडे बघून लिहिली आहे.

१. दिवसाचं गणित आधी मांडा

समजा १२० स्पर्धक आहेत. आठ-आठ जणांचे भरलेले गट केले तर पंधरा होतील, पण वय आणि मुलगा-मुलगी हे भेद धरले की गट वीसच्या आसपास जातात. प्रत्येक गटाच्या तीन प्राथमिक शर्यती, म्हणजे मोटो. त्या झाल्या साठ. वर वीस अंतिम शर्यती. एकूण ऐंशी. दर दीड मिनिटाला एक गेट पडलं तर सगळं दोन तासांत आटोपतं. प्रत्येक गेटमागे एकच मिनिट जास्त गेलं तर दिवस ऐंशी मिनिटांनी लांबतो, आणि सहा वर्षांचं पोर उन्हात हेल्मेट घालून ताटकळत बसतं.

उशीर ट्रॅकवर होत नाही, गेटच्या मागे होतो. म्हणून तुमचा सर्वांत दमदार, मोठ्या आवाजाचा आणि न चिडणारा माणूस तिथे उभा करा. गेटमागे आठ उभे पट्टे आखा आणि किमान चार गट कायम रांगेत तयार ठेवा. कोणाची कितवी मोटो, कुठली लेन, हे सांगणारे कागद, म्हणजे मोटो शीट, एकाच फळ्यावर लावू नका. तिथे चेंगराचेंगरी होते. तीन-चार ठिकाणी लावा, आणि त्याचा फोटो पालकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाका.

गुण देण्याची पद्धत साधी ठेवा: पहिल्याला एक, दुसऱ्याला दोन, असं करत आठव्याला आठ. तीन मोटोंची बेरीज ज्यांची कमी, ते पुढे जातात. इथे खरा निर्णय असा की उरलेल्यांचं काय करायचं? माझं ठाम म्हणणं आहे की त्यांनाही बी किंवा सी, म्हणजे मागच्या क्रमांकांची वेगळी, अंतिम शर्यत द्या आणि मालिकेचे गुण द्या. चार वेळा गेटवर उभा राहिलेला मुलगा घरी जाताना दमलेला असतो, हिरमुसलेला नसतो.

२. वयोगट

बीएमएक्समध्ये वय वाढदिवसावरून मोजत नाहीत. स्पर्धेच्या वर्षातून जन्मवर्ष वजा करतात. हे नोंदणीच्या अर्जावरच लिहा, म्हणजे सकाळचे निम्मे वाद मिटतात. एखाद्या गटात तिघेच असतील तर शेजारच्या वयाबरोबर पळवा, पण निकाल वेगळा काढा. मुलींच्या बाबतीत हे कटाक्षाने पाळा. दोन मुलींना सहा मुलांच्या गेटवर उभं करून निकालही एकत्र लावला तर पुढच्या हंगामात त्या दोघीही दिसणार नाहीत. मोठ्यांसाठी क्रूझर, म्हणजे चोवीस इंची चाकांच्या सायकलींचा, गट ठेवा. मुलांना सोडायला येणारे आईबाप स्वतः पळू लागले की त्यांच्यातूनच पुढे पंच आणि खजिनदार मिळतात.

३. गेटची भीती

नवख्या मुलांना उड्यांपेक्षा गेट घाबरवतं. पुढचं चाक उभ्या फळीला टेकवून, दोन्ही पाय पॅडलवर ठेवून तोल सांभाळायचा असतो. ध्वनिमुद्रित आज्ञा जगभर तीच: ‘ओके रायडर्स, रँडम स्टार्ट. रायडर्स रेडी. वॉच द गेट.’ त्यानंतर ०.१ ते २.७ सेकंदांचा अनिश्चित विराम, मग लाल, दोनदा पिवळा आणि हिरवा असे चार दिवे, प्रत्येकाबरोबर एक बीप, आणि फळी खाली आपटते.

शर्यतीच्या आदल्या संध्याकाळी फक्त गेटचा सराव ठेवा, शुल्क न घेता. ज्यांना तोल जमत नाही त्यांना एक पाय जमिनीवर ठेवून सुटायला शिकवा. ते पूर्ण नियमात बसतं. लहानग्यांच्या मागे मोठ्या गटातली मुलं उभी करा. नऊ वर्षांचा मुलगा अकरा वर्षांच्या ताईचं जितकं ऐकतो, तितकं प्रशिक्षकाचं ऐकत नाही.

४. माणसं कशी टिकवायची

एका फेरीला लागणारी माणसं मोजा: नोंदणीला दोन, गेटवर एक, गेटमागे दोन, प्रत्येक वळणावर झेंडा घेऊन एक, शेवटच्या रेषेवर तीन, निकालाच्या संगणकावर एक, माइकवर एक, प्रथमोपचाराला प्रशिक्षित माणसं, शिवाय पार्किंग आणि चहा-वडापाव. पंधराच्या खाली हा आकडा जात नाही.

‘कोणी मदत करेल का?’ असं माइकवरून विचारू नका. तेच पाच चेहरे पुढे येतात आणि तीन वर्षांत थकून निघून जातात. कामं क्लबांच्या नावावर लावा: ज्या क्लबचे स्पर्धक जास्त, त्याच्याकडे कामं जास्त. नव्या पालकाला पहिल्याच दिवशी आठ तास उभं करू नका. मोटोच्या एका फेरीपुरतं, म्हणजे अर्ध्या तासाचं काम द्या, शेजारी जाणता माणूस द्या, आणि संध्याकाळी नाव घेऊन आभार माना.

शेवटच्या रेषेवरच्या तिघांनी एकमेकांशी न बोलता क्रम लिहावा. दोघांचा जुळला तो ग्राह्य. रेषेवर रोखलेला एक मोबाइल सतत चित्रीकरण करत असू द्या. तक्रार आली तर लेखी घ्या, ठरलेल्या वेळेत घ्या, आणि निर्णय मुख्य पंचाने द्यावा. अध्यक्षांनी त्यात पडू नये, विशेषतः त्यांचं स्वतःचं मूल त्या गटात असेल तर अजिबात नाही.

५. सुरक्षा

सायकलची तपासणी गेटवर नको, नोंदणीच्या टेबलाजवळ करा. चालणारा मागचा ब्रेक, हँडलची टोकं बंद, चेहरा झाकणारं हेल्मेट, हातमोजे, लांब बाह्या, लांब पँट. यातलं एक नसेल तर मूल पळणार नाही. पण त्याला परतही पाठवू नका. संघटनेकडे उसनं देण्यासाठी चार-पाच हेल्मेटं आणि दोन-तीन सायकली हव्यात. खेळ महागडा आहे असं वाटून कितीतरी घरं पहिल्याच चौकशीनंतर फोन करायचं थांबवतात.

मुलांच्या संरक्षणासाठी एक जबाबदार व्यक्ती नेमा, तिचं नाव आणि नंबर प्रत्येक ठिकाणी लावा. ब्रिटनमध्ये क्लबांना असा अधिकारी ठेवावा लागतो आणि मुलांसोबत काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी तपासली जाते. आपल्याकडे कोणी विचारत नसलं तरी हे करायलाच हवं.

६. ट्रॅक आणि पैसा

महाराष्ट्रात काळ्या मातीवर थेट ट्रॅक बांधू नका. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. मुरमाचे थर पाणी मारून, रोलर फिरवून दाबा, उंचवट्यांवर हाताने धुम्मस करा, वरून क्रशरची बारीक कच द्या. प्रत्येक उंचवट्यामागे पाणी साचतं, तिथून बाजूला चर काढा. हंगाम ऑक्टोबर ते मार्च ठेवा, आणि दसरा-दिवाळी व परीक्षा पाहून मगच तारखा जाहीर करा. जाहीर केलेली तारीख एखाद्या पाहुण्याच्या सोयीसाठी बदलू नका.

प्रवेश शुल्कातून फेरीचा खर्च भागावा. प्रायोजकाच्या पैशातून सायकली, हेल्मेट, प्रशिक्षण अशा टिकणाऱ्या गोष्टी घ्या. एक फेरी पूर्ण रद्द झाली तरी निभावेल इतकी गंगाजळी बाजूला ठेवा, कारण गेट चालवणारा हवेचा कॉम्प्रेसर नेमका रविवारी सकाळी बंद पडतो. दर फेरीचा जमाखर्च आठवड्याभरात सर्व क्लबांना पाठवा.

मालिका आठ फेऱ्यांची असेल तर उत्तम सहा धरा. आजारपण किंवा मामाचं लग्न यामुळे कोणी मागे पडता कामा नये.

७. नोंदणी आणि मान्यता

महाराष्ट्रात किमान सात जणांनी मिळून संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली संस्था नोंदवावी लागते, आणि सार्वजनिक न्यास अधिनियमाखाली धर्मादाय कार्यालयातही. दरवर्षी हिशेबांचं लेखापरीक्षण करा आणि कार्यकारिणी बदलली की चेंज रिपोर्ट लगेच दाखल करा. हे अर्ज वर्षानुवर्षं रखडले की खरे पदाधिकारी कोण, यावरून भांडणं लागतात.

मग राज्य सायकलिंग संघटनेशी संलग्नतेसाठी बोला. साखळी जिल्हा, राज्य, भारतीय महासंघ आणि आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघ अशी जाते. दहावी-बारावीच्या सवलतीच्या क्रीडागुणांबद्दल पालक पहिल्याच बैठकीत विचारतील. मान्यता हातात येईपर्यंत त्याबद्दल शब्द देऊ नका.

आणि एका विभागात दोन संघटना होऊ देऊ नका. अमेरिकेत दोन मोठ्या राष्ट्रीय संघटना कित्येक दशकं वेगवेगळ्या चालल्या आणि शेवटी २०११ मध्ये एकत्र आल्या. जिथे आधीच खेळाडू थोडे, तिथे फाळणी परवडत नाही. प्रत्येक क्लबला कार्यकारिणीत एक मत द्या, छोट्यालाही तेवढंच, आणि फेऱ्या आळीपाळीने सगळ्यांकडे भरवा.

८. हंगाम संपल्यावर

नव्या नोंदणीची यादी काढा. एकदाच येऊन न परतलेल्यांच्या नावांवर खूण करा आणि त्यांच्या घरी फोन करा. मेसेज नको, फोनच. कारणं लिहून ठेवा: अंतर, खर्च, दिवस फार लांबला, कोणी बोललं नाही. पुढच्या वर्षाच्या बैठकीत हा कागद विजेत्यांच्या सत्काराआधी वाचा, आणि त्यातली सर्वांत जास्त वेळा आलेली एक अडचण त्या वर्षी दूर करायचं ठरवा. एकच, पण पूर्ण.

शेवटी पदं सोपवताना निकालाच्या संगणकाचा पासवर्ड, गेटच्या खोलीच्या किल्ल्या, बँकेच्या सह्या आणि कॉम्प्रेसर दुरुस्त करणाऱ्याचा नंबर नव्या मंडळींना त्याच दिवशी द्या. जुन्या सचिवांनी पहिल्या दोन फेऱ्यांना हजर राहावं, गेटमागे, माइकपासून लांब.