प्रेअरीवर शिकारीला क्वाड नेताय? या चुका टाळा

कॅनडाच्या प्रेअरीवर, म्हणजे सपाट गवताळ माळावर, वसलेल्या सस्कॅचवान प्रांतात रानात चालणाऱ्या, मोटरसायकलसारखं हँडल असलेल्या चौचाकी एटीव्हीला सगळे क्वाडच म्हणतात. दर ऑक्टोबरात एखादा मित्र नवी कोरी क्वाड घेऊन येतो, पुढे विंच (रुतलेली गाडी तारेने ओढून काढणारं मोटरचं रीळ) लावलेली, आणि म्हणतो, "आता कुठेही जाऊ." तिथेच माझ्या पोटात गोळा येतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सुकलेल्या स्लूमधून शॉर्टकट मारणं. स्लू म्हणजे माळावरची उथळ तळी. शरद ऋतूत पाणी आटतं आणि वर पांढरा क्षाराचा थर उरतो. पापडासारखा तडकलेला असतो, म्हणून वाटतं, खडखडीत वाळलंय. खाली मात्र काळा लगदा असतो. आम्ही चौघं होतो, हरण पडलं होतं स्लूच्या पलीकडे. वळसा घालून दोन किलोमीटर, फार तर वीस मिनिटं. मध्ये तीनशे मीटर पांढरंशुभ्र मैदान. मित्र म्हणाला, "अरे, सिमेंट आहे ते." पन्नास मीटर गेला आणि क्वाड पायठेवणीपर्यंत खाली बसली. मग विंचची आठवण झाली. तार ओढून काढली, हूक हातात घेऊन गोल फिरला. बांधणार कशाला? प्रेअरीवर झाडच नाही! क्षितिजापर्यंत कापलेला गहू. दुसरा त्याला ओढायला गेला, तोही रुतला. शेवटी ट्रकची स्टेपनी आणून कडेच्या घट्ट गवतात कंबरभर खड्ड्यात पुरली, दोर जोडून विंचचा हूक तिथवर नेला आणि एकेक वीत करत गाडी बाहेर आली. पाच तास गेले. सकाळी हरणापाशी पोचलो, तोवर कायोटींनी, म्हणजे तिकडच्या कोल्ह्यांसारख्या प्राण्यांनी, मागचा अर्धा भाग संपवला होता.

तेव्हापासून पांढरं दिसलं की मी उतरतो, पुढे चालतो, टाच मारतो. टाच ओली झाली की वळसा. सोबत फावडं आणि तीस मीटर दोर असतोच. आणि दुसरी क्वाड कधीही पहिलीच्या चाकोरीतून मदतीला न्यायची नाही. पावसानंतर प्रांताची राजधानी रेजायनाच्या बाजूची माती तर आपल्या सांगलीकडच्या काळ्या रानासारखीच, चाकाला धरली की चाकाची भाकरी होते. तेव्हा चालत जा. पाय कशाला दिलेत?

दुसरी चूक गुपचूप होते. वाळक्या गवतातून तासभर हिंडलात की इंजिनाखालच्या पत्र्यावर आणि सायलेन्सरभोवती गवत दाबून बसतं. चालताना वारा लागतो तोवर ठीक. थांबलात की उष्णता तिथेच कोंडते, आणि दुर्बीण डोळ्याला लावून बसलेल्या माणसाला धुराचा वास सगळ्यात शेवटी येतो. मी कपड्यांचा हँगर सरळ करून त्याचा आकडा केलाय. दर थांब्याला खाली घालून गवत ओढतो, गाडी उघड्या मातीवर उभी करतो. मित्र हसतात. हसू देत.

बाकीचं थोडक्यात. भरलेली बंदूक क्वाडवर नको, कायद्याने ते वाहनच आहे. क्वाडने जनावराचा पाठलागही बेकायदा, वर लाजिरवाणा. एका सीटवर दोघं बसू नका. उंच गवतात बॅजर या जमीन खणणाऱ्या प्राण्याची बिळं दिसत नाहीत, पुढचं चाक आत गेलं की माणूस हँडलवरून पुढे. आख्खं हरण मागच्या रॅकवर लादून दरीचा चढ चढू नका, पुढची चाकं उचलतात. ओझं ओढताना लो गिअर टाका. हाय गिअरमध्ये रांगत राहिलात की इंजिनाची ताकद चाकांकडे नेणारा पट्टा जळतो, आणि तो बदलायची जागा कधीच गॅरेजजवळ नसते.

आणि परवानगी. 1 जानेवारी 2022 पासून सस्कॅचवानमध्ये खाजगी जमिनीवर शिकारीला आधी मालकाची संमती लागते, मनाईची पाटी असो वा नसो. मी फोन करतो तेव्हा क्वाड आणणार हेही सांगतो, कारण शेतकऱ्याला बंदुकीपेक्षा चाकांचीच धास्ती जास्त. कॅनोला या मोहरीसारख्या तेलबियांच्या पिकाच्या मुळांना गाठी आणणारा क्लबरूट रोग मातीतून पसरतो, एका शेताचा चिखल दुसऱ्यात गेला की झालं. मी ट्रकमध्ये खरवडणी आणि ताठ ब्रश ठेवतो आणि फाटकाबाहेरच चाकं साफ करतो. गेल्या वर्षी एक म्हातारा शेतकरी फाटकाला टेकून हे बघत होता. काही बोलला नाही. निघताना म्हणाला, उत्तरेकडच्या क्वार्टरमध्येही (160 एकरांच्या तुकड्यातही) जा, पण ते फाटक बंद असतं, बंदच ठेवा.