फोटो टाकताय? आधी साईझ बघा

नाशिकच्या रामकुंडावरचा पहाटेचा फोटो मी मागे फुल साईझमध्येच टाकून दिला होता, २४ मेगापिक्सेल, ६००० बाय ४००० पिक्सेल, आणि महिनाभरात एका दुकानाच्या फ्लेक्सवर तोच फोटो, वर नाव ना गाव! एवढी मोठी फाईल दिली की समोरचा बिनधास्त प्रिंट मारतो हो.

म्हणून आता ओरिजिनल घरीच ठेवायचं आणि टाकायला वेगळी कॉपी काढायची. इन्स्टाला उभा फोटो १०८० बाय १३५० पुरतो, फेसबुकला लांब बाजू २०४८. जेपेग, क्वालिटी ८० च्या आसपास, कलर एसआरजीबी (मोबाईल-वेबवर चालणारा नेहमीचा कलर प्रोफाईल), नाहीतर गोदावरीचं पाणी मोबाईलवर फिकट दिसतं. घरचा पत्ता कळू नये म्हणून फाईलच्या आत साठवलेल्या माहितीतून (मेटाडेटा) लोकेशन तेवढं काढा, पण तिथल्याच कॉपीराईटच्या रकान्यात आपलं नाव राहू द्या.

वॉटरमार्क कोपऱ्यात टाकू नका, दोन सेकंदात क्रॉप होतो. मी घाटाच्या पायऱ्यांवर, जिथे टेक्स्चर आहे तिथे, हलकासा टाकतो. मधोमध भलंमोठं नाव मात्र नको, फोटोच मरतो.

बाकी कॉपीराईट फोटो काढला की आपोआप मिळतो, १९५७ च्या कायद्यात रजिस्ट्रेशनची सक्ती नाही, आणि तो फोटो काढणाऱ्याच्या हयातभर आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. पण लग्नाची ऑर्डर पैसे घेऊन केली असेल तर वेगळा करार नसताना हक्क गिऱ्हाईकाचा, हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं, तेव्हा आधीच लिहून घ्या. कोणी ढापला तर पहिले स्क्रीनशॉट, मग त्याच ॲपवर कॉपीराईटची तक्रार, पुराव्याला रॉ फाईल (कॅमेऱ्यातली मूळ, प्रोसेस न केलेली फाईल) आहेच.