नायकाच्या आजूबाजूची माणसं लिहिताना

माझ्या पहिल्या साहसकथेत नायकाला एक गुरू होता, एक जिवाभावाचा मित्र आणि एक फितूर. मैत्रिणीने खर्डा वाचला आणि म्हणाली, "हे तिघं काढून टाकले तरी गोष्ट तशीच चालते की!" मला आठवडाभर राग होता. मग तिघांना खरंच काढून पाहिलं. चालली.

तेव्हापासून मी पात्राचा स्वभाव नंतर ठरवतो, आधी त्याचं काम. व्लादिमीर प्रॉप या रशियन अभ्यासकाने १९२८ साली परीकथांमधल्या सात भूमिका मांडल्या: खलनायक, दाता, मदतनीस, जिचा शोध घ्यायचा ती राजकन्या (आणि तिचा बाप), कामगिरीवर धाडणारा, नायक आणि तोतया नायक. यादी पाठ करायची गरज नाही. त्यातली कामाची गोष्ट एवढीच, की एकच माणूस दोन भूमिका निभावू शकतो.

कागदावर प्रत्येक पात्रापुढे लिहा: 'हा नसता तर नायक...' वाक्य पुरं होत नसेल, तर ते पात्र गाळा किंवा दुसऱ्यात मिसळा. मी गुरू आणि फितूर एकत्र केले. त्यातून एक म्हातारी होडीवाली निघाली. ती नायकाला नदीचा उतार दाखवते आणि रात्री पलीकडच्या सैन्याला खबरही तीच देते, कारण तिचा मुलगा त्यांच्या कैदेत आहे. आधीचा गुरू तीन पानं उपदेश करायचा. ही एवढंच म्हणते, "डावीकडचा खडक ओला दिसला तर परत फिर." नायक परत फिरत नाही, आणि प्रकरण सुरू होतं.

मित्राचं बोलणं वेगळं वाटलं पाहिजे. संस्कृत नाटकात राजा संस्कृत बोलतो आणि त्याचा विदूषक प्राकृत. कोण बोलतंय ते ऐकताक्षणी कळतं. संवादातली नावं झाकून वाचा. दोघं एकसारखे वाटले, तर मित्राला नायक टाळतोय तो प्रश्न विचारायला लावा.

वाट अडवणाऱ्या पहारेकऱ्यावर फार वेळ घालवू नका. पाळी संपत आलीय आणि त्याला घरी जायचंय, एवढं पुरतं.

नवा खर्डा मैत्रिणीने वाचला. म्हातारीच्या मुलाचं पुढे काय झालं, हेच विचारत बसली. नायकाचं नाव तिला आठवेना. ते दुरुस्त करायचं बाकी आहे.