ग्लुटामेट आणि मेंदूचे आजार : एखादा दावा कसा तपासावा

‘मेंदूत ग्लुटामेट वाढले की पेशी मरतात’ अशा आशयाचा मजकूर वाचनात आला, तर तो कोणत्या जागेतील ग्लुटामेटविषयी बोलतो आहे हे आधी पाहावे. ग्लुटामेट हे मेंदूतील प्रमुख उद्दीपक चेताप्रेषक (चेतापेशींमध्ये संदेश नेणारे रसायन) आहे आणि त्याचा बहुतांश साठा पेशींच्या आतच असतो. धोका संभवतो तो पेशींबाहेर, चेतासंधीत (दोन चेतापेशींमधील जोडात) व तिच्या आसपास ते साचून राहिले तर. अजिनोमोटो, टोमॅटो किंवा चीज यांतून येणारे ग्लुटामेट बहुतांशी आतड्याच्या पेशीच इंधन म्हणून वापरतात, आणि उरलेल्याला रक्त व मेंदू यांमधील अडसर सहसा ओलांडता येत नाही; त्यामुळे जेवणावरून थेट मेंदूच्या आजारावर उडी मारणारा दावा बाजूला ठेवावा. अपवाद मात्र आहे, आणि तो आपल्याच विदर्भाला परिचित आहे: लाखोळी डाळीतील बीटा-ओडॅप हे द्रव्य अ‍ॅम्पा ग्राहींना (ग्लुटामेटचा संदेश स्वीकारणाऱ्या, पेशीवरील प्रथिनांना) उद्दीपित करते, आणि महिनोन्‌महिने हीच डाळ मुख्य अन्न झाल्यास पाय ताठरून चालणे अवघड करणारा लॅथिरिझम होऊ शकतो.

यानंतर ग्राही कोणता ते शोधावे. अ‍ॅम्पा ग्राही क्षणार्धात सोडियम आत घेतो. एनएमडीए या ग्लुटामेटच्या दुसऱ्या ग्राहीच्या मार्गात मॅग्नेशियमचे बूच असते. ग्लुटामेटबरोबर ग्लायसीन किंवा डी-सेरीन यांपैकी एक अमिनो आम्ल जोडले गेले आणि पेशी आधीच पुरेशी उद्दीपित असली, तरच कॅल्शियम आत शिरते. स्मृती घडवणारे हे कॅल्शियमच प्रमाणाबाहेर साचले की पेशीतील विकरे (एन्झाइम) व तंतुकणिका (ऊर्जा तयार करणारे घटक) बिघडतात. अमेरिकी संशोधक जॉन ओल्नी यांनी १९६९ मध्ये अशा हानीचे वर्णन केले. तेव्हा एनएमडीए ग्राहीला सरसकट खलनायक ठरवणारा लेख अर्धवट समजावा.

तिसरी तपासणी बहुतेक बातम्यांत राहूनच जाते: ग्लुटामेट जास्त सुटले, की उचललेच गेले नाही? ते उचलून ग्लुटामीनमध्ये बदलण्याचे काम प्रामुख्याने चेतापेशींना आधार देणाऱ्या अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी करतात. पक्षाघातात रक्तपुरवठा तुटून ऊर्जा संपली की त्यांचे वाहक (ग्लुटामेट आत ओढणारी प्रथिने) उलटे चालू शकतात. एएलएस या, स्नायू चालवणाऱ्या चेतापेशी मरत जाण्याच्या आजारात ईएएटी-२ हा वाहक कमी झालेला आढळतो. पण ते कारण की परिणाम, हे लेखकाने सांगितले आहे का, ते पाहावे.

शेवटी दावा प्राण्यांवरचा की रुग्णांवरचा, याची खात्री करावी. येथे सर्वाधिक सावधगिरी हवी. पक्षाघातात एनएमडीए-रोधकांनी (हा ग्राही अडवणाऱ्या औषधांनी) प्राण्यांचा मेंदू वाचवला, मात्र माणसांवरील चाचण्यांत ती औषधे अपयशी ठरली, कारण औषध देण्याची वेळ अनेकदा टळून गेलेली असते, भ्रमासारखे दुष्परिणाम होतात आणि वाचलेल्या पेशींना तोच संदेश जगण्यासाठी लागतो. अमेरिकेत १९९५ साली मान्यता मिळालेले रिलुझोल हे ग्लुटामेटचे सुटणे कमी करणारे औषध एएलएसच्या रुग्णाचे आयुष्य साधारणतः काही महिनेच वाढवते. अल्झायमरमध्ये मेमँटिन हे एनएमडीए-रोधक लक्षणांत माफक आराम देते, आजार थांबवत नाही. ते ‘ग्लुटामेट कमी करणारे औषध’ म्हणून स्वतःहून सुरू वा बंद करू नये. शिवाय बिघाड नेहमी अतिरेकाचाच असतो असेही नाही. चेताविकारतज्ज्ञ जोसेप दालमाऊ यांच्या गटाने २००७ मध्ये वर्णिलेल्या एका मेंदूदाहात प्रतिपिंडे (अँटिबॉडी) एनएमडीए ग्राहींना पृष्ठभागावरून आत ओढून नेतात. संदेश घटतो आणि भ्रम, झटके व हालचालींचे विकार दिसू लागतात. तेथे उपचार ग्लुटामेटवर नसून प्रतिकारशक्ती आवरण्यावर असतो, आणि अंडाशयात टेराटोमा ही गाठ सापडल्यास ती काढली जाते.