भुईकोट केकचे बुरूज पक्के करायचे असतील तर

किल्ल्याचा केक करायचं ठरलं की आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा: बुरूज केकचे करायचे नाहीत. स्पंजचा बुरूज जरा उंच गेला की स्वतःच्याच वजनाने बसतो आणि सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये क्रीमच्या आधाराला आधार म्हणण्यात काही अर्थ नाही. दुसरी गोष्ट, कोपऱ्यातले बुरूज केकवर ठेवायचेच नाहीत. पटत नसेल तर संध्याकाळी आपल्या भुईकोट किल्ल्याला एक चक्कर मारून या. बुरूज तटाच्या डोक्यावर बसलेले दिसतात का? ते थेट जमिनीतून उठलेत, बुडाला रुंद आणि वर जरा निमुळते. परीकथेतले सडपातळ मनोरे मुलींना हवेच असतात, तर तसा एक मध्ये देऊ. पण चार कोपरे आपल्या पद्धतीचे, आडव्या अंगाचे.

आठवडाभर आधी प्लायवूडच्या दुकानातून १२ मिमी जाडीचा १४ इंची चौकोनी तुकडा कापून आणा. केक ८ इंची चौकोनी धरलाय. बेकरीतला सोनेरी पुठ्ठा इथे चालणार नाही. तो उचलताना वाकतो आणि केकला तडा जातो तो तिथेच. तुकड्याच्या मधोमध ८ इंची कागद ठेवा, कागदाच्या चारही कोपऱ्यांवर खूण करा आणि सुताराला सांगून खालच्या बाजूने स्क्रू मारून घ्या, प्रत्येकावर पेन्सिलीएवढ्या जाडीची ७ इंची लाकडी दांडी उभी राहील असे. स्क्रूचं डोकं लाकडात बुडालं पाहिजे, नाहीतर बोर्ड टेबलावर डुगडुगतो. दांड्यांना क्लिंग फिल्म गुंडाळा, बोर्डाला फॉइल. दांड्या हाताने हलवून बघा. इथे थोडी जरी हालचाल जाणवली तरी सुताराकडे परत जा, लाजू नका.

आता बुरूज. बाहेरच्या पाककृतींत यासाठी मार्शमॅलोमध्ये घोळवलेले तांदळाचे फुगे सांगितलेले असतात. आपल्याकडे चुरमुऱ्याचा लाडू असताना मार्शमॅलो शोधत कशाला फिरायचं? चार-पाच दिवस आधी हे काम उरकून टाका. गूळ चिक्कीचा घ्या, साध्या गुळाचा लाडू नंतर मऊ पडतो. चुरमुरे आधी कोरडेच भाजून कुरकुरीत करून घ्या. एक वाटी चिरलेल्या गुळाला पाच वाट्या चुरमुरे आणि चमचाभर तूप. पाकाची परीक्षा नेहमीचीच: वाटीभर पाण्यात थेंब टाकायचा, गोळी करायची आणि ती ताटलीत टाकली की टण् वाजली पाहिजे. गोळी दबली, दाताला चिकटली, तर पाक अजून कच्चा आहे. त्याचा बुरूज उभा दिसेल, पण संध्याकाळपर्यंत कलेल. मुलांना या वेळी स्वयंपाकघरात येऊ देऊ नका. गुळाचा पाक हाताला चिकटून भाजतो, झटकता येत नाही.

साचा म्हणजे घरातला स्टीलचा पेला. आतून तूप लावा, बटर पेपर घाला आणि गरम मिश्रण थोडं थोडं टाकत वाटीच्या बुडाने दाबत भरा. नुसतं भरू नका, दाबा. मात्र चुरमुऱ्यांचा भुगा होईल इतकंही नाही. गरम असतानाच मधोमध तूप लावलेली एक दांडी आरपार घाला, बोर्डावरच्या दांडीपेक्षा जराशी जाड. मिश्रण गार होताना ती अधूनमधून फिरवत राहा, म्हणजे सुटून येते आणि भोक तयार मिळतं. पेला उलटा केला की तोंडाकडची रुंद बाजू खाली जाते आणि बुरुजाचा उतार आपोआप मिळतो. त्यावर बसवायला लहान पेल्याचा एक तुकडा करा, ज्याचं तोंड मोठ्या पेल्याच्या बुडाएवढं असेल. दोन्ही पूर्ण गार झाले की वितळलेल्या कंपाउंड चॉकलेटचा (कोको बटरऐवजी दुसरी वनस्पती चरबी घातलेलं बेकिंगचं चॉकलेट) पातळ हात बाहेरून सगळीकडे फिरवा. गूळ हवेतला ओलावा ओढतो, तो या थराने अडतो, आणि वरच्या खाचाही भरून येतात. मग डब्यात घालून बाहेरच ठेवा. फ्रिज नको.

त्याच दिवशी चर्या कापून घ्या, म्हणजे तटाच्या माथ्यावरचे ते कंगोरे. पाव किलो फॉन्डंटला (कणकेसारखं मळून लाटता येणारं साखरेचं आवरण) एक चहाचा चमचा सीएमसी ही घट्टपणा आणणारी खाद्य पावडर मळली की ते वाळून खडखडीत होतं. राखाडी रंगासाठी काळ्या जेल रंगाचं टूथपिकच्या टोकावर मावेल तेवढंच बोट लावा, जास्त झालं तर किल्ला डांबरी दिसतो. थर्माकोलच्या तुकड्यावर पसरून पंख्याखाली दोन दिवस वाळू द्या. सोलापूरची कोरडी हवा इतर वेळी जीव काढते, पण या एका कामाला तिच्यासारखी दुसरी नाही.

मधल्या मनोऱ्याचं टोपरं म्हणजे आइस्क्रीमचा कोन. त्याला आतून कंपाउंडचा थर द्या, नाहीतर फॉन्डंटच्या ओलाव्याने तो मऊ पडतो. खालचं खोड चुरमुऱ्याचंच, लहान पेल्याचं.

केक आदल्या दिवशी. मावा केक किंवा घट्ट बटर केक करा. हलका स्पंज इथे उपयोगाचा नाही. बाहेरून गनाश, म्हणजे गरम क्रीममध्ये वितळवलेलं चॉकलेट, आणि उन्हाळ्यात डार्क चॉकलेट क्रीमच्या अडीचपट घ्या, एरवी दुप्पट पुरतं. व्हिप्ड क्रीमवर फॉन्डंट बसवू नका, ते ओलावा पिऊन घसरतं. केकच्या चारही कोपऱ्यांवर पेल्याचं तोंड असं टेकवा की त्याचा मध्य बरोबर कोपऱ्यावर येईल, आणि तेवढा पाव-गोल कापून काढा. बुरूज त्या खाचेत तटाला लागून बसतो. निघालेले तुकडे कुठे गेले ते कोणी विचारत नाही.

मधला मनोरा मात्र केकवर उभा राहणार, तेव्हा त्याच्या खाली चार जाड स्ट्रॉ लागतील. एक खुपसून केकची उंची मोजा आणि बाकीच्या तिन्ही त्याच मापाच्या कापा. प्रत्येक भोकाचं वेगळं माप घेतलं की केकचा चढ-उतार मनोऱ्यात उतरतो. वर मनोऱ्याच्या बुडाएवढा पुठ्ठ्याचा गोल, मग मनोरा.

चिकटवायला रॉयल आयसिंग ठेवा. वितळवलेलं कंपाउंड झटपट धरतं खरं, पण बेचाळीस अंशांच्या दुपारी त्याचा भरवसा नाही. एका अंड्याच्या पांढऱ्या भागाला साधारण २०० ते २५० ग्रॅम आयसिंग शुगर. घरात अंडं चालत नसेल तर आयसिंग शुगर, चिमूटभर सीएमसी आणि थेंब-थेंब पाणी, दाट पेस्ट होईपर्यंत.

कार्यक्रम हॉलवर असेल तर बुरूज घरून लावून नेऊ नका. जुळे सोलापुरातून नवी पेठेत जाईपर्यंत किती गतिरोधक लागतात ते सगळ्यांना माहीत आहे. केक बोर्डासकट गाडीच्या डिकीत सपाट जागेवर, सीटवर नाही. सीट तिरकी असते. बुरूज वेगळ्या डब्यात, कागदाच्या गोळ्यांमध्ये. सोबत आयसिंगची पिशवी, कात्री, ओला रुमाल, दोन जास्तीच्या चर्या आणि एक जास्तीचा कोन. तिथे पोहोचल्यावर बुरूज दांड्यांवर उतरवायचे, सांध्याला आयसिंग, मग चर्या, झेंडा सगळ्यात शेवटी. अर्धा तास हाताशी ठेवा. टेबल खिडकीच्या उन्हात किंवा हॅलोजनखाली मांडलं असेल तर मांडणाऱ्या भाऊंना गोड बोलून ते हलवून घ्या. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी वेढा घातल्यावर खरा किल्लाही काही दिवसांतच पडला होता. आपल्याला फक्त संध्याकाळचे आठ गाठायचेत.

खंदकाला निळी जेली पुरते, तीही तिथेच ओता. एका अंगाला पसरट जागा सोडली की सिद्धेश्वर तलाव होतो.

एक कागद यजमान वहिनींच्या हातात द्यायचा असतो आणि तोच नेमका विसरतो. त्यावर लिहा: लाकडी दांड्या चार, स्ट्रॉ चार, झेंड्याची काडी एक, पुठ्ठ्याचा गोल एक. दांड्या बोर्डालाच राहतील, बाकीचं सगळं केक वाटण्याआधी मोजून बाहेर काढायचं, विशेषतः लहान मुलं असतील तर. बुरुजाला सुरी लावू नका, वरून उचलून घ्या आणि खलबत्त्याच्या दस्त्याने फोडा. पोरं त्यावरच तुटून पडतात. आणि बोर्ड परत मागून घ्या. स्क्रू मारलेला आहे, पुढच्या वाढदिवसाला सुताराची फेरी वाचेल.