माप कुठनं धरायचं? कॅड शिकायला निघालेल्यांसाठी

कॅड, म्हणजे कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढणं, शिकायचं तर ऑटोकॅड करू, की सॉलिडवर्क्स? माझं पोट कुपवाड एमआयडीसीत ड्रॉइंगवर चालतं, त्यामुळे हा प्रश्न लग्नाच्या पंगतीतही येतो. छोट्या मशीन शॉपला रोज लागतं ते टू-डी ड्रॉइंग, म्हणून ऑटोकॅड आधी. डाय, पॅटर्न, असेंब्लीकडे जायचं असेल तर पाठोपाठ थ्री-डी, म्हणजे सॉलिडवर्क्स. फ्रीकॅड सगळ्यांनाच फुकट आहे आणि विद्यार्थ्याला ऑटोडेस्कचं शैक्षणिक लायसन्सही फुकट मिळतं, तेव्हा पेनड्राइव्हवरचं क्रॅक केलेलं घेऊ नका.

लाइन, ट्रिम, ऑफसेट, फिलेट या कमांड हातात बसायला वेळ लागत नाही. एफ८ दाबून ऑर्थो, एफ३ दाबून स्नॅप, हेही अंगवळणी पडतं. अडतं ते पुढे. क्लासमध्ये समोर छापील ड्रॉइंग असतं आणि तसंच्या तसं काढायचं असतं. हात चालतो, पण कुठलं माप द्यायचं आणि कुठून द्यायचं, हे तुमच्याआधीच कुणीतरी ठरवलेलं असतं.

लेथवरचा टर्नर मात्र पहिलं तेच विचारतो, "साहेब, ह्या शोल्डरचं माप कुठनं धरायचं?" शोल्डर म्हणजे शाफ्टचा डाया जिथे बदलतो ती पायरीची कड.

चार पायऱ्यांचा शाफ्ट घ्या. लांब्या एकापुढे एक दिल्या आणि प्रत्येकीला ±०.१ मिमी टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, ठेवला, तर प्रत्येक पायरी मापात असूनही एकूण लांबी ०.४ मिमीने इकडेतिकडे होऊ शकते. सगळी मापं एकाच फेसपासून, म्हणजे टोकाच्या सपाट बाजूपासून, दिली तर एकूण लांबी ±०.१ मध्येच राहते. पण मग मधल्या दोन शोल्डरमधल्या अंतरात ±०.२ पर्यंत फरक पडू शकतो. तिथंच बेअरिंग बसणार असेल तर ते अंतर थेट द्यायला हवं. म्हणजे शाफ्ट कशात बसतो हे कळल्याशिवाय डायमेन्शनची कमांड दाबण्यात अर्थ नाही.

फिटचंही, म्हणजे शाफ्ट भोकात किती घट्ट-सैल बसतो त्याचंही, तेच. २५ मिमीच्या बोअरला, म्हणजे भोकाला, एच७ हा टॉलरन्सचा कोड लिहिला की तो २५.००० ते २५.०२१ मध्ये हवा. त्यात सरकत्या फिटचा जी६ शाफ्ट २४.९८० ते २४.९९३ चा. ०.०२ लीस्ट काउंटच्या, म्हणजे ०.०२ मिमीपेक्षा बारीक न मोजणाऱ्या व्हर्नियरने हे तपासता येत नाही, मायक्रोमीटर लागतो. ड्रॉइंगवर दोन अक्षरं टाकताना मशीनवाल्याचा खर्च वाढतो, हे नव्या पोरांच्या गावीही नसतं. गरज नसेल तिथे टॉलरन्स ढिला ठेवा.

थ्री-डीत हाच प्रश्न कन्स्ट्रेंटच्या, म्हणजे स्केचमधल्या रेषांना बांधणाऱ्या अटींच्या, रूपात येतो. सॉलिडवर्क्समध्ये स्केच निळं असतं, पूर्ण बांधलं गेलं की काळं होतं. ते काळं करायच्या नादात पोरं सापडेल तिथे माप ठोकतात, नाहीतर फिक्स करून मोकळी होतात. मुख्य माप बदलून बघा. भोकं आपोआप योग्य जागी सरकली तर स्केच नीट बांधलंय, मॉडेल लाल एरर दाखवू लागलं तर पुन्हा बांधा.

सरावाला भंगारातला फ्लँज किंवा पुली आणा. कुपवाड-मिरजेच्या पट्ट्यात ओळखीचं कुणीतरी वर्कशॉपवाला निघतोच. पीसीडी, म्हणजे भोकांच्या केंद्रांमधून जाणाऱ्या वर्तुळाचा डाया, थेट मोजता येत नाही. भोकं समोरासमोर असतील तर दोन भोकांच्या आतल्या कडांमधलं अंतर घेऊन त्यात एका भोकाचा डाया मिळवा. आधी कागदावर हाताने काढा, मग स्क्रीनवर. यूट्यूबवरचे अमेरिकन धडे बघत असाल तर सांभाळून: व्ह्यू मांडायला ते थर्ड अँगल पद्धत वापरतात, आपल्याकडे फर्स्ट अँगल, म्हणजे टॉप व्ह्यू फ्रंट व्ह्यूच्या खाली. टायटल ब्लॉकमधलं चिन्ह बघायची सवय लावून घ्या.

लेझर कटिंगला डीएक्सएफ (ड्रॉइंगची फाइल) पाठवताना युनिट मिमी आहे ना, ते फोनवर विचारून घ्या. तिकडे फाइल इंचात उघडली तर जॉब २५.४ पट मोठा दिसतो. एवढी गडबड लगेच लक्षात येते. स्केल करताना कुणी अंदाजाने आकडा टाकला तर मात्र पत्रा कापल्यावरच कळतं.