चार हातांची रचना निवडताना
एकाच पियानोवर दोघांनी वाजवायची रचना निवडताना आधी हात कुठे भिडतात ते बघा. वरचा भाग (उजवीकडच्या उंच सुरांचा) वाजवणाऱ्याचा डावा हात आणि खालच्याचा उजवा हात एकाच पट्टीवर येत असतील, तर कोणाचं मनगट वर आणि कोणाचं खाली, हे सरावातच ठरवावं लागतं. मंचावर कोपराला कोपर लागलं की लय गेलीच! सूर लांबवणारं पायाचं पेडल बहुधा खालचा वादक सांभाळतो. ज्याचा कान पक्का, त्याला तिथे बसवा. एक जण अगदी नवशिका असेल तर संगीतकार डियाबेलीचं ओपस (रचनाक्रमांक) १४९ बघा, त्यात वरचा भाग पाचच सुरांत बसतो. संगीतकार शुबर्टची एफ मायनर फँटसी (१८२८) मोहात पाडते खरी, पण ती वीसेक मिनिटं चालते.